पिशवीवर 'गोसावी प्रतिकारक' लिहिलं होतं, तरी बाजरीला गोसावी आला, असं का?

बाजरीवाला_सिन्नर
मंडळी नमस्कार. दीड एकर कोरडवाहू बाजरी आहे, तीन वर्षं झाली एकच हायब्रीड लावतोय. पहिली दोन वर्षं रान एकदम स्वच्छ होतं आणि यंदा गोसावी रोग (केवडा) आलाय. पहाटे पान उलटं करून बघितलं तर खालून पीठ चोळल्यासारखा पांढरा थर, पान बुडाकडून पिवळं अन् शेंड्याकडं हिरवं, काही ताटांना तर कणसाच्या जागी नुसता हिरवा झुपका आलाय, जटा सुटल्यासारखा. पिशवीवर प्रतिकारक असं स्पष्ट छापलंय. मग बियाणं बोगस समजायचं का? आणि प्रतिकारक म्हणजे झाडात नेमकं असतं काय, कुणी साध्या भाषेत सांगेल का. चुलते म्हणतात बी मिठाच्या पाण्यातून काढलं असतं तर आला नसता. त्यांनी बांधापलीकडं याच हायब्रीडचं गेल्या सालचं घरचं बी पेरलंय अन् त्यांच्याकडं माझ्यापेक्षा जास्त आहे.

पैदासशास्त्र_शिकतोय
दादा, लगेच बोगस म्हणू नका. प्रतिकार हा झाडाच्या जनुकांत असतो, आणि बाजरीत गोसावीसाठी असं एकच जनुक नाही, वेगवेगळ्या गुणसूत्रांवर बरीच आहेत, कुणाचा जोर जास्त कुणाचा कमी. शिवाय गोसावी एका बुरशीमुळं होतो, अन् तो प्रतिकार त्या बुरशीच्या ठराविक जातीपुरता असतो. भारतातल्या बुरशीला अडवणारी जनुकं पश्चिम आफ्रिकेतल्या बुरशीपुढं टिकतीलच असं नाही, हे तपासून बघितलेलं आहे.
आता बुरशीकडं बघा. तिच्यातही नर-मादीसारखे दोन प्रकार असतात, ते एकत्र आले की जाड कवचाचे बीजाणू तयार होतात, पान वाळून चिरफळलं की ते मातीत पडतात अन् वर्षानुवर्षं जिवंत राहतात. दर वेळी जनुकांची नवी जुळणी होते. तुमच्या शेतात मात्र हायब्रीडचं प्रत्येक ताट जनुकांनी सारखंच, त्यामुळं बुरशीला एका ताटावर जमलं की सगळ्या रानावर जमलं. सलग तीन वर्षं त्याच रानात तेच हायब्रीड, म्हणजे जी बुरशी त्यावर जगू शकते तीच तुम्ही निवडत गेलात.
चुलत्यांच्या बियाण्याचं कारण वेगळं आहे. हायब्रीडमध्ये बऱ्याचदा प्रतिकार एकाच पालकाकडून आलेला असतो. तो प्रभावी असला तर पहिल्या पिढीत सगळी ताटं तगतात, पण त्याचंच बी परत पेरलं की जनुकं फुटतात, एकच जनुक धरलं तरी साधारण चारातलं एक ताट त्याच्याशिवाय निघतं. अशा ताटांवर रात्री जो पांढरा थर येतो तो वाऱ्यानं तुमच्याकडं येतोय. आणि मिठाचं पाणी अरगट या कणसाच्या दुसऱ्या रोगासाठी असतं, त्याच्या गाठी वर तरंगतात म्हणून. गोसावीला त्याचा उपयोग नाही. गोसावीसाठी मेटॅलॅक्झिल 35 एसडी हे बुरशीनाशक, किलोला 6 ग्रॅम, पेरायच्या आधी चोळायचं.

पारनेरचे_आप्पा
आमच्या वडिलांनी एचबी-1 लावली होती. 1965 ला लुधियानाहून निघालेलं देशातलं बाजरीचं पहिलं हायब्रीड, तिची मादी, म्हणजे जिच्यावर हायब्रीडचं बी धरतात ती परागाला वांझ ओळ, टिफ्ट 23ए अमेरिकेतली. वडील सांगायचे की कणसं बघायला शेजारच्या गावातून माणसं यायची, आणि मग 1971 च्या सुमाराला असा गोसावी आला की वैरण सोडून हाती काही नाही. पुढं राहुरीच्या श्रद्धा, सबुरी आल्या तेव्हा कुठं आमचा हायब्रीडवर परत विश्वास बसला. मी तर असं ऐकलंय की त्या मादीच्या वांझपणातच रोग होता.

रोगट_प्लॉटवाली
आप्पा, ती शंका बऱ्याच शास्त्रज्ञांनाही आली होती, कारण अमेरिकेत 1970 ला मक्याचं तसंच झालं. तिथल्या बहुतेक मक्यात टेक्सास नावाचा एकच वांझ पेशीद्रव (पेशीतला केंद्राबाहेरचा भाग, वांझपण त्यातून येतं) होता आणि करपा नेमका त्यावरच तुटून पडला. पण बाजरीत तपासल्यावर वांझपण देणारा पेशीद्रव निर्दोष निघाला. टिफ्टची पेशीकेंद्रातली जनुकंच गोसावीला कमजोर होती, म्हणून तोच पेशीद्रव वापरून नंतर चांगल्या प्रतिकारक माद्या तयार करता आल्या.
मी काही वर्षं रोगाच्या प्लॉटवर काम केलंय. आधी मुद्दाम रोगाला बळी पडणाऱ्या बाजरीच्या ओळी लावायच्या, त्या पांढऱ्या झाल्या की तीनेक आठवड्यांनी मधे चाचणीच्या ओळी पेरायच्या, अन् रोज पाणी फवारून ओल टिकवायची. जी ओळ मधे उभी राहूनही हिरवी राहते तिच्यावर हात ठेवायचा. पण तिथं त्या भागातलीच बुरशी असते, दुसऱ्या जिल्ह्यातली नाही, म्हणून पिशवीवरचा शब्द सगळीकडं सारखा लागू पडत नाही, आणि कंपन्यांनी हे पिशवीवर लिहायला हवं असं मला मनापासून वाटतं.
हरियाणाच्या एचएचबी 67 चं उदाहरण आठवतं. साठ-पासष्ट दिवसांत येणारी, कमी पावसात हमखास, पण नर पालक गोसावीला कमजोर. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या कोरडवाहू पिकांच्या संशोधन संस्थेच्या मदतीनं आयसीएमपी 451 या वाणातले प्रतिकाराचे तुकडे डीएनए मार्कर (जनुकाजवळची ओळखखूण) बघून त्या नरात आणले, मादीही सुधारली, आणि 2005 ला एचएचबी 67 सुधारित आली. मार्करमुळं फायदा असा की दोन-दोन तुकडे एका झाडात जमले की नाही हे रोपातच कळतं.

बाजरीवाला_सिन्नर
सगळ्यांचे आभार. आज सकाळी चुलते अन् मी मिळून त्यांच्या रानातली झुपकेवाली ताटं उपटली, पोत्यात भरून बांधाबाहेर नेऊन जाळली. माझ्याकडं वीस पावलांच्या एका ओळीत सात निघाली. पुढच्या खरिपाला त्या तुकड्यात मटकी टाकतो अन् बाजरी दुसऱ्या रानात, दुसऱ्या वाणाची. आयसीटीपी 8203 कुणाकडं आहे का? टोगोच्या देशी बाजरीतून काढलेला सुधारित वाण आहे म्हणतात, त्याचं घरचं बी चाललं तर चुलते ऐकतील.

पैदासशास्त्र_शिकतोय
चालतं. हायब्रीड नाही ते, प्रत्येक ताट थोडं वेगळं असतं, त्यामुळं आला तरी सगळं रान एकदम जात नाही. बी धरताना मात्र रानाच्या मधल्या भागातली निरोगी शंभर-दोनशे कणसं तरी घ्या, चार-दोन मोठी बघून नको.