मदत हवी आहे: माथेरानच्या जुन्या हॉटेलातील प्रकाशशिल्पासाठी

नमस्कार. माथेरान येथे ब्रिटिशकालीन बंगल्यात असलेल्या एका हॉटेलच्या जीर्णोद्धाराचे काम पूर्ण होत आले असून, तेथील जिन्याच्या दुमजली पोकळीत टांगण्यासाठी आतून उजळणारे तांब्याचे शिल्प घडवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पुण्याच्या तांबट आळीतील कारागिरांकडून मठारकाम (हातोडीचे ठोके देऊन पृष्ठभाग घडवणे) केलेली पाने करून घ्यावीत, म्हणजे ठोक्याच्या प्रत्येक खळग्यावर २७०० केल्विनचा उबदार प्रकाश वेगळा खेळेल, अशी कल्पना आहे. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींना बंदी असल्याने शिल्प सुट्या भागांत नेऊन जागेवरच जोडावे लागेल, ते जमेल. खरी चिंता दोन गोष्टींची आहे. जुन्या सागवानी तुळईला नवे भोक न पाडता, आणि पुढे कधी काढायचे झाल्यास मागे खूण राहणार नाही अशा रीतीने, शिल्पाचे वजन कसे पेलावे? तसेच पावसाळ्यातील धुक्याने तांबे काळवंडू नये म्हणून त्यावर लॅकर (पारदर्शक संरक्षक लेप) द्यावे, की धातूला नैसर्गिक रंग चढू द्यावा? लॅकरमुळे मठारकामाची झळाळी मंदावेल, अशी मला भीती वाटते. एलईडीचे ड्रायव्हर (दिव्यांना योग्य वीज पुरवणारी उपकरणे) दमटपणापासून दूर, तरीही दुरुस्तीसाठी सहज हाती येतील असे कोठे ठेवावेत, हेही अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.