सिकलसेलचा दोष कुणाचा? डासांचा की पोटजातीतल्या लग्नांचा?

रानवाटा: गडचिरोली-नंदुरबारच्या सिकलसेलचा, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणाऱ्या आनुवंशिक आजाराचा विषय निघाला की उत्तर ठरलेलं: जंगल, डास, मलेरिया. एएस पॅटर्नवाल्याला, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच हे जनुक आलेल्या वाहकाला, मलेरिया सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून जनुक टिकलं. अ‍ॅलिसन या संशोधकाने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतून हे मांडलं, मान्य. पण आपल्याकडे खरं कारण पोटजातीतली लग्नं, असं माझं मत. खोडा.

खडूस_काका: खोडतो. नुसत्या आतल्या लग्नांनी जनुकाचं प्रमाण वाढत नाही हो! पत्ते कसेही पिसा, एक्के चारच. फक्त एक्क्याला एक्का जास्त वेळा भेटतो, म्हणजे दोन्हीकडून जनुक आलेली, आजारी एसएस मुलं वाढतात. प्रमाण वाढवते ती नैसर्गिक निवड. धरा, एसएस मूल जगतच नाही. पण एएसवाले १०० तगतात तिथे हे जनुकच नसलेले साधे एए ९०. एवढ्यावर जनुक ९ टक्क्यांजवळ स्थिरावतं. सहात एक वाहक!

रानवाटा: मग आंध्रातले वैश्य? भुलीच्या वेळी स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन टोचलं की काहींचे स्नायू तासन्‌तास लुळे राहतात, कारण ते औषध मोडणारं एन्झाइमच नीट नसतं. तिथे कुठला डास? मूळची मोजकी कुटुंबं, एखाद्यात बिघाड, पुढे बाहेरच्या लग्नांना दार बंद. काका, पिसून एक्के वाढत नाहीत, पण गड्डीतून आठच पत्ते उचलले आणि त्यात तीन एक्के आले तर?

खडूस_काका: पत्त्यांचं उत्तर आवडलं. पण योगायोग एका जमातीत होईल. इथे तर जमातींच्या भाषाही वेगवेगळ्या: गोंडी द्राविडी, कोरकू मुंडा, भिली आर्य कुळातली. शिवाय भारतात हा आजार पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ मध्ये, तोही निलगिरीत. सगळ्यांना एकाच जनुकाची लॉटरी?

लॅबवाली: आधी एक, हा फक्त आदिवासींचा आजार नाही, विदर्भात इतर समाजांतही भरपूर आहे. आमच्याकडे थेंबभर रक्त द्रावणात टाकून नळीमागे छापील कागद धरतात. अक्षरं दिसेनाशी झाली की सॉल्युबिलिटी पॉझिटिव्ह, म्हणजे रक्तात सिकल आहे. एएस की एसएस, ते विजेच्या प्रवाहाने हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी सांगणार. आणि रानवाटा, एएस मुलीने जातीबाहेर लग्न केलं तरी सरासरी निम्म्या मुलांत जनुक जातंच. नवरा एए असला तर फक्त एसएस टळतं.

रानवाटा: निम्म्या मुलांचं डोक्यात आलं नव्हतं. पण ताई, एसएस टळणं याला 'फक्त' म्हणता?