मदत हवी आहे: वॉकीटॉकीवर मला सगळे ऐकू येतात, माझं मात्र कुणालाच नाही

मंडळी, आमचा दहा जणांचा ट्रेकचा ग्रुप आहे. पावसाळ्यात एकदा चुकामूक झाली, म्हणून वर्गणी काढून चार वॉकीटॉकी घेतल्या. परवाना न लागणाऱ्या, ४४६ मेगाहर्ट्झच्या, अर्ध्या वॅटच्या. परवाच्या रविवारी राजगडावर पहिल्यांदा वापरल्या.

चौघांचाही चॅनेल ५. एक, दोन आणि चार नंबरच्या सेटचं आपसात छान जमतं. तीन नंबर माझा. मला तिघांचंही स्पष्ट ऐकू येतं, पण मी बटण दाबून बोललो की तिकडे चिडीचूप. गंमत म्हणजे मी बोलत असताना त्यांच्या सेटवरचा हिरवा दिवा लागतो! बॅटरी बदलून पाहिली. दुकानदार म्हणतो माईक गेला, सेट पाठवा.

शिवाय दोन नंबरचा सेट वाऱ्यात आपोआप बोलायला लागतो, नुसती खरखर, आणि तेवढा वेळ बाकीच्यांना बोलताच येत नाही. पद्मावती माचीवर वैताग आला. शनिवारी पुन्हा निघतोय, काय करू?

रेडिओकाका: दिव्याचं लिहिलंत ते बरं केलंत. म्हणजे तुमची लहर पोचतेय, पण त्यांचा स्पीकर उघडत नाहीये. सेट पाठवू नका. तुम्ही बोलत असताना त्यांना मॉनिटरचं बटण दाबून धरायला सांगा, त्याने स्पीकर जबरदस्तीने उघडतो. आवाज आला तर माईक ठणठणीत, कोड जुळत नाही एवढंच.

चॅनेलच्या शेजारी एक बारीक आकडा दिसतो ना, तो कोड. बोलताना सेट तुमच्या आवाजाखाली एक खर्जातला सूर मिसळतो, साधारण ६७ ते २५० हर्ट्झमधला. कोड लावलेला सेट तो ठरलेला सूर आला तरच स्पीकर उघडतो. तुमचा कोड बहुतेक शून्यावर आहे. म्हणजे तुमच्या दाराला कडीच नाही, कुणीही आत येतं. त्यांच्या दारावर मात्र तुम्ही खुणेची थाप न देता उभे. (याला खोक्यावर ‘प्रायव्हसी कोड’ छापतात. कसली प्रायव्हसी? शून्यावर ठेवणाऱ्याला सगळं ऐकू येतं, तुम्हाला येतंय तसं.)

दोन नंबरवर व्हॉक्स चालू राहिलंय. आवाज झाला की सेट आपणहून प्रक्षेपण सुरू करतो, आणि त्याला वाराही आवाजच. मेनूत जाऊन बंद करा. डोंगरात ते नकोच.

घाटवाट: त्यापेक्षा ऑनलाइन पाच वॅटचा सेट घ्या की. स्वस्त आहे आणि लांब जातो.

रेडिओकाका: तो विनापरवाना चालत नाही हो. हॅमसाठी (म्हणजे हौशी रेडिओसाठी) परीक्षा देऊन परवाना काढावा लागतो. आणि राजगडावर संजीवनी माचीवरून सुवेळा माचीला बोलायचं तर मध्ये बालेकिल्ल्याचा अख्खा कातळ. पाच वॅटनेही तो हलत नाही. एकाला सेट घेऊन बालेकिल्ल्यावर बसवा, निरोप इकडून तिकडे पोचवेल.

धागाकर्ता: काका, मॉनिटर दाबल्यावर आवाज आला! त्यांचा कोड १२, माझा ०. घरी भाच्याने बटणं दाबली होती, कबूल केलंय त्याने. आता पुन्हा कुणाचा हात लागू नये म्हणून काय करू?

रेडिओकाका: कुलपाचं चित्र असलेलं बटण काही सेकंद दाबून धरा. कळा बंद होतात, बोलायचं बटण चालू राहतं. हो, आणि बटण दाबल्यावर सेकंदभर थांबून मग बोला. समोरच्या सेटला तो सूर ओळखायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात पहिला शब्द खाल्ला जातो.

धागाकर्ता: तरीच! बॅकलीड (सगळ्यांच्या मागून चालणारा) ओरडत होता ‘डावीकडे वळू नका’, आम्हाला आलं नुसतं ‘वळू नका’. पाच मिनिटं सगळे तिठ्यावर पुतळ्यासारखे उभे.