'साएकानो' पुढे पाहावी का? गेम बनवण्याची गोष्ट नेमकी कुठे सुरू होते?

निळी_सायकल

नमस्कार मंडळी,

'साएकानो' ही जपानी ॲनिमे मालिका कुणी पूर्ण पाहिली आहे का? शाळेतली मुलं मिळून गेम बनवतात एवढं ऐकून मी सुरू केली. पहिलाच जो भाग लागला त्यात सगळे गरम पाण्याच्या झऱ्यांवर सहलीला गेलेत, मुलींच्या अंघोळी चालल्यात आणि कोण कुणाचं कोण, काही पत्ता लागेना. तरी पुढचे तीन भाग पाहिले. नायक तोमोया सायकलवरून पेपर टाकत असतो, उतारावर चेरीचा बहर असतो, एका मुलीची पांढरी टोपी वाऱ्याने उडते आणि तेवढ्यावरून त्याला गेम सुचतो, हे फार आवडलं. नंतर मात्र सगळा वेळ गटातली चित्रकार एरिरी आणि लेखिका उताहा यांची भांडणं. जिच्यावरून नायिका बेतायची ती मेगुमी मागे बसून फोन बघत असते.

मला गेम कसा बनतो ते पाहायचंय. कोण कुणाच्या प्रेमात पडतं यात फारसा रस नाही. पुढे काही हाताला लागेल, की इथेच थांबू?

कोरा_कागद

थांबलात तरी चालेल. मी पहिला सीझन संपवून सोडून दिली. मुलींच्या अंगावर कॅमेरा फार रेंगाळतो, विशेषतः उताहाच्या पायांवर, आणि मला ते शेवटपर्यंत खटकत राहिलं. संवाद चटपटीत आहेत, चित्रं सुंदर आहेत. पण तुम्हाला जे हवंय ते पहिल्या सीझनमध्ये तुकड्यातुकड्यांनीच येतं.

शाईपेन

थांबू नका, अशी माझी कळकळीची विनंती.

आधी तुमच्या गोंधळाचं. तुम्हाला लागला तो शून्यावा भाग. जानेवारी २०१५मध्ये तो सर्वांत आधी दाखवला गेला, पण गोष्टीच्या क्रमात तो पहिल्या सीझनच्या शेवटानंतर येतो. म्हणून सगळे एकमेकांना ओळखतात आणि आपण कुणालाच ओळखत नाही. कॅमेऱ्याबद्दल कोरा_कागद म्हणतात ते खरं आहे, मलाही ते आवडत नाही. दुसऱ्या सीझनलाही असाच शून्यावा भाग आहे, तो गाळलात तरी काही बिघडत नाही.

आता मेगुमी. मी स्वतः व्हिज्युअल नॉव्हेलचं, म्हणजे चित्रं, संगीत आणि मजकुरातून गोष्ट सांगणाऱ्या गेमचं, स्क्रिप्टिंग करते. लेखक मजकूर देतो, चित्रकार पात्रांची उभी चित्रं आणि प्रसंगचित्रं देतो, संगीतकार तुकडे पाठवतो, आणि या सगळ्याची मोट बांधणारा माणूस लागतो. कुठल्या ओळीला चेहरा बदलायचा, संगीत कुठे विरवायचं, वाचणाऱ्याला क्लिकसाठी कुठे थांबवायचं, कुठल्या निवडीनंतर गोष्ट कुठल्या वाटेला न्यायची. खेळणाऱ्याला यातलं काहीच वेगळं दिसत नाही. त्याला लेखक आठवतो, चित्रकार आठवतो. मेगुमी हळूहळू नेमकं हे काम शिकते. कुणी ढोल वाजवत नाही, भाषण होत नाही. ती तोमोयाच्या घरी येते, लॅपटॉप उघडते आणि शिकते. तुम्ही ज्या दृश्यात तिला मागे बसलेली पाहिलंत तिथूनच पाहायला लागा.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे, त्यासाठी तरी तिथवर जाच. उताहा यशस्वी कादंबरीकार आहे. ती पटकथेचे दोन वेगवेगळे मसुदे देते आणि तोमोयाला त्यातला एक निवडायचा असतो. दोन्ही वाचायला उत्तम. मग तोमोया आणि मेगुमी रात्रभर बसून तो मजकूर खरोखर गेममध्ये चढवतात आणि खेळून बघतात. तेव्हा लक्षात येतं की कादंबरी म्हणून जे छान होतं ते गेम म्हणून चालत नाही. केवढी प्रतिष्ठा असलेल्या लेखिकेला हे तोंडावर सांगायचं!

हे किती खरं आहे ते सांगते. कादंबरीत तुम्ही लिहिता, 'ती काहीच बोलली नाही. तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधार पडला होता.' गेममध्ये खिडकी पार्श्वभूमीला दिसतेच आहे, अंधारही दिसतोय. मजकुराच्या चौकटीत जेमतेम तीन-चार ओळी मावतात. तीच तीन वाक्यं तिथे ठेवली तर वाचणारा तीच गोष्ट डोळ्यांनी बघतो आणि पुन्हा वाचतो. मी अशा ठिकाणी तिन्ही वाक्यं काढते, चेहऱ्याचं चित्र बदलते, सेकंदभराचा विराम टाकते आणि चौकट रिकामी सोडते. लेखकाला ते काढलेलं दिसलं की वाईट वाटतं, आणि त्याला समजावणं हा कामाचाच भाग असतो. मालिका लिहिणाऱ्याला हे ठाऊक आहे, कारण फुमिआकी मारुतो मुळात गेमचे पटकथाकार. मूळ कादंबऱ्याही त्यांच्या आणि ॲनिमेची पटकथाही त्यांचीच.

पुढे कथेचा उलगडा आहे, नको असेल तर हा परिच्छेद सोडा. दुसऱ्या सीझनच्या मध्यावर एरिरीला चित्रं जमेनाशी होतात. ती नासुच्या डोंगराळ भागातल्या बंगल्यात एकटी जाऊन काढत बसते आणि तापाने कोसळते. तोमोया तिच्याकडे धावतो, तिची शुश्रूषा करतो आणि डिस्क छापायला पाठवायची मुदत जाऊ देतो. हिवाळी कॉमिकेटला, म्हणजे हौशी मंडळींच्या बाजारात, मग मोजक्याच प्रती, हाताने उतरवलेल्या, विकल्या जातात. एरिरीला वाचवायला गेला म्हणून मेगुमी चिडत नाही. चिडते ती यावर की निर्णय त्याने एकट्याने घेतला, तिला विचारलं नाही. ती आरडाओरडा करत नाही, फक्त लांब जाते. पुढे कितीतरी वेळ दोघांत अंतर राहतं आणि मग एका संध्याकाळी ती मोकळी होते. मेगुमीला आवाज देणाऱ्या कियोनो यासुनोने तोवर तो आवाज एका सपाट पट्टीत ठेवलेला असतो, त्यामुळे तो जरासा हलला तरी आपल्याला कळतो. गटात काम केलेल्या प्रत्येकाने ते दृश्य पाहावं असं मला मनापासून वाटतं. तुम्हाला प्रेमकथा नकोय म्हणालात, पण इथे प्रेम आणि काम वेगळं काढताच येत नाही. तिचा हक्क सहकारी म्हणून डावलला जातो, आणि दुखावते ती सगळीच्या सगळी.

तिसरा_प्रहर

शाईपेन यांच्या प्रतिसादाला पुरवणी. ती मुदत चुकणं एवढं मोठं का, हे कॉमिकेट माहीत नसेल तर लक्षात येत नाही. हौशी मंडळींनी स्वतः काढलेल्या मासिकांचा आणि गेमचा हा बाजार तोक्योत १९७५पासून भरतो. आता जागा बिग साइट हे तिथलं प्रदर्शन केंद्र, ऑगस्टमध्ये एकदा आणि डिसेंबरच्या अखेरीस एकदा. टेबल हवं तर कित्येक महिने आधी अर्ज करावा लागतो, आणि अर्ज केला म्हणजे मिळतंच असं नाही. हिवाळा हुकला की थेट उन्हाळा. शाळेतल्या मुलांसाठी तेवढ्यात वर्ग बदलतो, मोठ्यांची शाळाच संपते. उताहा एक वर्ष पुढे आहे हे विसरू नका.

आणि हे नुसतं स्वप्नरंजन नाही. टाइप-मून या आता नावाजलेल्या गेम कंपनीचा पहिला मोठा गेम डिसेंबर २०००च्या कॉमिकेटमध्येच असा हौशी मंडळ म्हणून विकला गेला होता. त्यामुळे तोमोया जेव्हा मोठमोठ्या गप्पा मारतो तेव्हा त्याच्यासमोर खरी उदाहरणं असतात.

चेरीच्या बहराचा तो उतार आवडला असेल तर, तो तोक्योच्या तोशिमा भागातल्या नोझोकिझाका नावाच्या उतारावर बेतलेला आहे. खरोखरच छातीवर येणारा चढ आहे.

निळी_सायकल

सगळ्यांचे आभार. मेगुमी स्क्रिप्टिंग शिकते हे मला अजून दिसलंच नव्हतं, आता तेवढ्यासाठी पुढे जाते. रिकाम्या चौकटीचं उदाहरण वाचून थबकले. मलाही असं काही करून बघायचंय, दोन मैत्रिणी लिहितात, एक चित्रं काढते. शाईपेनताई, प्रोग्रामिंग न येता जमेल का? आणि शेवटचा चित्रपट पाहायलाच हवा का?

शाईपेन

जमेल. रेनपाय हे व्हिज्युअल नॉव्हेल बनवायचं सॉफ्टवेअर घ्या, मोफत आहे आणि त्याची स्क्रिप्ट नाटकाच्या संहितेसारखी दिसते: पात्राचं नाव, पुढे संवाद, मध्ये 'हे चित्र दाखव', 'ते काढ' अशा सूचना. फाटे फोडायला लेबलं असतात. सुरुवातीला एकच प्रसंग घ्या, दोन पात्रं, एकच पार्श्वभूमी आणि एकच निवड. तो शेवटपर्यंत खेळता आला की मगच मैत्रिणींकडून पुढचा मजकूर मागवा. आणि मुदत ठरवताना चौघींना एकत्र बसवा.

चित्रपट हवाच. ऑक्टोबर २०१९मध्ये आला. दोन्ही सीझन ए-वन पिक्चर्स या स्टुडिओचे आणि हा क्लोव्हरवर्क्स या स्टुडिओचा, पण हात तोच वाटतो. दुसऱ्या सीझनच्या अखेरीस एरिरी आणि उताहा मोठ्या कंपनीच्या गेमसाठी गट सोडतात. त्यानंतर दुसरा गेम करायचा असतो, आणि या वेळी पटकथा तोमोया स्वतः लिहितो. नायिकेचे संवाद लिहिताना तो आणि मेगुमी ते प्रत्यक्ष बोलून बघतात, आणि लिहिलेलं कुठे संपलं नि खरं कुठे सुरू झालं हे दोघांनाही सांगता येत नाही. सीझन न पाहता थेट चित्रपट लावू नका, काहीच कळणार नाही. मूळ कादंबऱ्या २०१२ ते २०१७ या काळातल्या, मुख्य तेरा खंड. एरिरी आणि उताहा यांच्यातलं खरं नातं 'गर्ल्स साइड' या जोडखंडांत जास्त खुलतं. तुम्हाला आत्ता त्यांची भांडणं नकोशी वाटतात ना, ते वाचल्यावर बहुधा वाटणार नाहीत.

कोरा_कागद

दुसरा सीझन लावतोय. शून्यावा भाग गाळून.