कलेच्या इतिहासाचे ऑनलाइन धडे आणि वर्तनवाद: जमतं का?

रंगपेटी: मंडळी, नाशिकमधल्या बीएफए फाउंडेशनच्या (कलेच्या पदवीचं पहिलं वर्ष) मुलांसाठी कलेच्या इतिहासाचे ऑनलाइन धडे बनवतेय, सुरुवात इथल्याच पांडवलेणी या बौद्ध लेण्यांपासून. बी.एड.ला वर्तनवाद (सराव आणि बक्षिसाने वागणं घडवायचं, हा विचार) झालाय, छोटे टप्पे, लगेच प्रतिसाद, बरोबर आलं की शाबासकी, तेच वापरायचं डोक्यात आहे. पण असं घोटवून कलेचा इतिहास येतो का? पोरं 'लेणं ३, गौतमीपुत्र' (सातवाहन राजा) पाठ करतील आणि तिथे नेऊन उभं केलं तर इकडेतिकडे बघत बसतील. त्यात वरून सांगितलंय की प्रत्येक उत्तराला बॅज दिसलाच पाहिजे.

पंचवटीकर: ताई, डोळा तयार करायला वर्तनवाद एकदम भारी. १९९५ मध्ये वातानाबे वगैरे जपानी संशोधकांनी कबुतरांना दाणे देऊन मोने आणि पिकासो या चित्रकारांची चित्रं वेगळी ओळखायला शिकवलं, आणि ती कधी न पाहिलेली चित्रंसुद्धा ओळखायला लागली. क्युबिझम (पिकासोची शैली) कळला नसेल हो त्यांना, पण नजर बसली ना!
तुम्ही ३ आणि १० नंबरच्या लेण्यांचे व्हरांडे शेजारी शेजारी ठेवा. १० मध्ये खांबांना खाली घटासारखी बैठक आहे, ३ मध्ये बैठकच नाही, खांब सरळ कठड्यातून वर येतात आणि सगळा भार खांद्यावर घेतलेले यक्ष खाली. पहिल्या फोटोवर ठळक बाण द्या, पुढच्यावर फिकट, मग नुसता फोटो. ह्यालाच फेडिंग म्हणतात. आणि चार पर्याय देऊच नका, टाइप करू दे, वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनरनेही १९५८ च्या टीचिंग मशीनवरच्या (टप्प्याटप्प्याने प्रश्न विचारून लगेच उत्तर तपासू देणारं यंत्र) लेखात हेच म्हटलंय की उत्तर निवडायचं नाही, स्वतः तयार करायचं.

गंगापूररोडवाली: बॅजचं मात्र जपून. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी चित्रं काढायची आवड असलेल्या नर्सरीच्या मुलांवर प्रयोग केला. ज्यांना बक्षीस आधीच कबूल केलं होतं ती नंतर मोकळ्या वेळात स्केचपेनला कमी हात लावायला लागली, ज्यांना न सांगता दिलं त्यांचं काही बिघडलं नाही. चित्रकलेच्याच पोरांवर हे करायचं म्हणजे कठीणच आहे बाई. बॅजऐवजी 'हो, बैठक नाही म्हणून ३' असं लगेच कारणासकट दाखवा, तेवढं पुरतं.

रंगपेटी: वा, हे पटलं. पण मग 'का' चं काय? १० हे क्षहरात घराण्यातला राजा नहपान याचा जावई उषवदात याने खोदवलेलं, आणि ३ मध्ये गौतमी बलश्रीचा लेख, ज्यात लेकाने, म्हणजे गौतमीपुत्राने, क्षहरातांचा वंश निपटून काढल्याचं कौतुक, तरी आराखडा बराचसा त्या शत्रूच्याच लेण्यासारखा! हे बाण दाखवून कसं शिकवणार?

पंचवटीकर: नाहीच शिकवता येत. तिथे मशीन बंद करा. लेखाचा तेवढा भाग मराठीत द्या, दोन्ही व्हरांडे ओळखता येणाऱ्यालाच पुढचा प्रश्न उघडेल असं ठेवा, 'हरवलेल्याची नक्कल का केली असेल?', आणि मार्क न देता मीटवर भांडू द्या त्यांना.

गंगापूररोडवाली: +१. फोटो मात्र स्वतः काढून आणा, सकाळी लवकर, नेटवरचे निम्मे फोटो सेल्फीवाल्यांनीच भरलेले असतात 😄