हिपॅटायटिस सीला हरवलं; सिरॉसिसला तोच डाव चालेल का?

रेवाकाठ
मी अमेरिकेत माजी सैनिकांच्या एका सरकारी हॉस्पिटलात (इथे सगळे नुसतं 'व्हीए' म्हणतात) फार्मसीत आहे. परवा डबा खाताना आमच्यात जुंपली, तोच वाद इथे आणते.

आधी थोडं मागचं. व्हिएतनाम युद्धाच्या पिढीतल्या सैनिकांत हिपॅटायटिस सी (विषाणूमुळे होणारा यकृताचा आजार) फार. डिसेंबर २०१३ मध्ये त्यावरच्या सोफोसबुव्हिर या औषधाला मान्यता मिळाली, पण गोळी हजार डॉलरला एक, बारा आठवड्यांचे ८४,००० डॉलर. २०१५ मध्ये पैसे अपुरे पडले. मार्च २०१६ पासून मात्र वाढीव निधीमुळे आजार कुठल्याही टप्प्यावर असो, प्रत्येकाला औषध मिळू लागलं. २०१९ पर्यंत सुमारे एक लाख सैनिक बरे झाले.

यात पैशाइतकाच वाटा कामाच्या पद्धतीचा होता. प्रत्येक विभागात डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट यांची एक टीम आणि संगणकावर एकच यादी: विषाणू कुणात आहे, उपचार कुणाचे राहिलेत. यादी उघडायची, फोन फिरवायचा. कित्येक ठिकाणी औषध आम्ही फार्मासिस्टच सुरू करायचो.

आता त्याच टीम सिरॉसिसकडे (यकृत कडक होऊन हळूहळू निकामी होत जाणं) वळल्या आहेत आणि मला ते शंभर टक्के पटतं. कॅन्सर लवकर सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांवर लक्ष, रक्ताची उलटी होऊन आला तर लगेच अँटिबायोटिक, पोटात पाणी झालेला दाखल झाला की ते पाणी काढून तपासणं. यातलं काय डॉक्टरांना ठाऊक नाही? तरी राहून जातं, कारण प्रत्येकाला वाटतं ते दुसऱ्या विभागाने केलं असेल. म्हणून यादी हवी. आणि पेशंट खाजगीत पाठवणं कमी व्हायला हवं.

सरळरेघ
साफ असहमत. हिपॅटायटिस सीला शेवट होता. बारा आठवडे गोळ्या, रक्त तपासलं, नाव खोडलं. सिरॉसिसच्या यादीतून नाव बहुधा माणूस गेल्यावरच खोडलं जातं.

आणि फिनिक्स विसरलात? २०१४ मध्ये तिथल्या व्हीएत अपॉइंटमेंट वेळेत दिल्याचं दाखवायला खऱ्या प्रतीक्षायाद्या लपवल्या होत्या. प्रकरण इतकं पेटलं की खात्याचे मंत्री शिन्सेकी यांना राजीनामा द्यावा लागला. वरून आकडा मागितला की खालून आकडाच येतो, उपचार येतीलच असं नाही.

रेवाकाठ
@सरळरेघ, फिनिक्समध्ये तारखा माणसं हाताने भरत होती आणि साहेबांचा बोनस त्यावर होता. सोनोग्राफी झाली की नाही ते थेट रेकॉर्डमधून येतं. न झालेली सोनोग्राफी कोण कशी दाखवणार?

पडद्याआड
न झालेली नाही दाखवता येत, ताई. पण झालेली कशी झाली ते कुठे दिसतं? मी रोज सोनोग्राफी करतो. पेशंट लठ्ठ, वर आतड्यात गॅस. निम्मं यकृत पडद्यावर येतच नाही. रिपोर्टमध्ये 'लिमिटेड' असं लिहून जातं. तुमच्या यादीत मात्र चौकोन हिरवा! अशा पेशंटला खरं तर पुढे एमआरआय किंवा सीटी लागतो.

ओझार्ककर
तुम्ही सगळे शहरवाले आहात हे कळतंय. आमच्या भागात व्हीएचा यकृततज्ज्ञ गाठायचा तर गाडीने चार तास. प्रत्यारोपण करणारी व्हीएची केंद्रं तर बोटांवर मोजण्याइतकी: पिट्सबर्ग, पोर्टलंड, ह्यूस्टन, नॅशव्हिल अशी. केंद्रापासून जितकं दूर राहाल, तितकी प्रतीक्षायादीत नाव लागण्याची शक्यता कमी आणि मृत्यूचा धोका जास्त, हे २०१४ च्या अभ्यासात व्हीएच्याच पेशंटांबाबत दिसलं. म्हणून २०१८ च्या मिशन कायद्याने तज्ज्ञ तासाभरापेक्षा लांब असेल तर खाजगीत जायची मुभा दिली. ती कमी करा म्हणणं म्हणजे खेड्यातल्या म्हाताऱ्याला वाऱ्यावर सोडणं.

रेवाकाठ
जाऊ द्या की, पण कागद परत येतो का? बाहेर काढलेला रिपोर्ट आमच्याकडे कधी फॅक्सने, कधी महिन्यांनी, कधी येतच नाही.

फौजी_सातारा
विषय तिकडचा आहे, तरी लिहितो. आमच्याकडे भारतात २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्ययोजना आहे. पॉलिक्लिनिकमधून चिठ्ठी घ्यायची आणि यादीवरच्या हॉस्पिटलात जायचं. मोठा भार बाहेरच. वडिलांना सिरॉसिस होता. चार हॉस्पिटलं, चार फायली. एका ठिकाणी लॅक्ट्युलोज (यकृत बिघडल्यावर मेंदूवर परिणाम होऊ नये म्हणून द्यायचं औषध) लिहिलं, दुसऱ्याने कागद न बघता बंद केलं. आठवड्यात आबा आम्हाला ओळखेनात. उपचार वाईट नव्हते हो, नुसते तुटक होते.

कडूकारलं
पेशंट इकडे पाठवायचा की तिकडे, एवढ्यावरच का अडलाय सगळे? ज्ञान पाठवा ना. पुण्याच्या एएफएमसीत (लष्कराच्या मेडिकल कॉलेजात) शिकलेले डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये न्यू मेक्सिकोत 'इको' सुरू केलं. खेड्यातला डॉक्टर व्हिडिओवर केस मांडतो, तज्ज्ञ सांगतात, उपचार गावातच. हिपॅटायटिस सीचे निकाल विद्यापीठाच्या क्लिनिकइतकेच आले. २०११ च्या अभ्यासात बरे झालेले ५८.२ टक्के विरुद्ध ५७.५. व्हीएने हे 'स्कॅन-इको' नावाने उचललंही. (आपल्या पुण्याचा माणूस, पण आपल्याला ठाऊक नाही. असो.)

ओझार्ककर
@कडूकारलं, व्हिडिओवर पोटातलं पाणी काढता येत नाही.

निवृत्त_सिस्टर
तीस वर्षं वॉर्डात काढली. तुमच्या अख्ख्या चर्चेत दारू एकदाही आली नाही! सोनोग्राफी वेळेवर झाली आणि माणूस पीतच राहिला तर काय उपयोग? रेवाकाठ, मी तुमच्या बाजूची, पण कारण वेगळं. व्हीएत व्यसनाचा समुपदेशक बहुतेकदा त्याच आवारात असतो. मी पेशंटचा हात धरून त्याच्या दारापर्यंत नेलंय. बाहेर पाठवलेल्याला नुसता एक फोन नंबर मिळतो.

सरळरेघ
सिस्टर, हात धरून नेणं कुठल्या चौकोनात भरणार? माझा मुद्दा हाच आहे.

निवृत्त_सिस्टर
नाहीच भरत. पण कुणाचा हात धरायचा ते मला यादीमुळेच कळायचं.

रेवाकाठ
@ओझार्ककर, 'कमी व्हायला हवं' हे मागे घेते. जाऊ दे माणूस, पण कागद परत आल्याशिवाय फाइल बंद करू नये, एवढं तरी मान्य करा.
@पडद्याआड, आत्ता बघितलं. 'लिमिटेड'साठी आमच्या यादीत रकानाच नाही. सोमवारच्या बैठकीत विचारते.

सरळरेघ
जरूर विचारा. तो रकाना आला की तुमचा हिरवा आकडा खाली घसरेल. तेव्हा साहेब काय म्हणाले, तेही इथे येऊन लिहा.