स्तन राखून केलेली शस्त्रक्रिया: नागपूर-विदर्भातील रुग्णांचे अनुभव

स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन न काढता फक्त गाठ आणि तिच्याभोवतीची थोडी निरोगी कडा काढली, की ‘अर्धे ठेवले म्हणजे आजार ठेवला’ असे ठामपणे सांगणारे नातेवाईक नागपुरात अजूनही भेटतात. वस्तुतः मिलानमध्ये 1973 साली आणि अमेरिकेत 1976 साली सुरू झालेल्या, या दोन शस्त्रक्रियांची तुलना करणाऱ्या चाचण्यांचे वीस वर्षांचे निष्कर्ष 2002 साली प्रसिद्ध झाले आणि दोन्ही प्रकारच्या शस्त्रक्रियांनंतर स्त्रिया सारख्याच जगल्या, असे त्यांत दिसले. हे डॉक्टर सांगतातच. घरात आणि प्रवासात काय होते, ते आपण लिहावे. नावे नकोत. सुरुवात मी करते.

धरमपेठ, निवृत्त शिक्षिका
शस्त्रक्रियेपेक्षा मला विचार करावा लागला तो किरणोपचाराचा (रेडिएशनचा), कारण स्तन राखायचा तर तो बहुतेकींना चुकत नाही. अमेरिकेतल्या त्या चाचणीत त्याच स्तनात आजार परतण्याचे प्रमाण किरणोपचार घेतलेल्यांत सुमारे 14 टक्के, तर न घेतलेल्यांत सुमारे 39 टक्के होते. एवढा आकडा ऐकल्यावर मोठ्या जाऊबाईंनी वाद थांबवला. माझे उपचार नेमके मे महिन्यात आले. पारा 45 अंशांकडे गेला की स्तनाखालच्या घडीत घाम साचतो, तिथली त्वचा लाल, मग काळपट होऊन सोलते, आणि नेम धरण्यासाठी अंगावर काढलेल्या शाईच्या खुणा पुसू द्यायच्या नसल्याने खसखसून आंघोळही करता येत नाही. सैल सुती ब्लाउज आणि कूलरसमोरची जागा यांवर मी ते दिवस काढले. (कूलरच्या जागेवरून होणाऱ्या घरगुती तंट्यात माझी प्रथमच सरशी झाली.)

गडचिरोली जिल्हा
ताईंचे म्हणणे पटते, पण माझा निर्णय वेगळा होता. पूर्वी पाच आठवडे चालणारे किरणोपचार आता बहुधा तीन आठवड्यांत संपत असले, तरी तेवढे दिवस नागपुरात राहायचे कुठे, धानाची रोवणी कुणी करायची आणि मुलींकडे कुणी पाहायचे, याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मी पूर्ण स्तन काढून घेतला. काखेतल्या लसिका ग्रंथींत (गाठींत) आजार नसल्याने मला किरणोपचार लागले नाहीत. मात्र पूर्ण काढल्यावरही काहींना ते घ्यावेच लागतात, हे वॉर्डात पाहिले. मी घाबरून असे केले, असे कुणी समजू नये.

मानेवाडा, पती
आजार पसरला तर आधी जिथे पोहोचतो, ती काखेतली लसिका ग्रंथी शोधण्यासाठी पत्नीला निळे औषध टोचले होते. नंतर लघवी हिरवट-निळी झाली आणि आम्ही हादरलो. हे अपेक्षितच असते.

महाल
गाठ मोठी असल्यामुळे मला आधी केमो दिली. औषधाने गाठ विरली तरी जागा सापडावी, म्हणून तिच्यात धातूची बारीक क्लिप बसवली होती. गाठ खरोखरच हाताला लागेनाशी झाली, तेव्हा सासूबाईंनी ‘मग आता कापायचे कशाला?’ असे विचारले. सर्जननी त्यांनाच समोर बसवून सांगितले, की हाताला लागत नाही म्हणून पेशी उरल्या नाहीत असे ठरत नाही.

वर्धा
काढलेल्या भागाच्या एका कडेपर्यंत कर्करोगाच्या पेशी असल्याचे पॅथॉलॉजीच्या अहवालात आले, म्हणून पुन्हा शस्त्रक्रिया झाली. ती पहिलीपेक्षा जड गेली, कारण तोवर घरच्यांनी पेढे वाटले होते. आता आकारातला फरक दिसतो. ब्रेसियरमध्ये कापसाची घडी घालून मी नोकरीवर जाते. दरवर्षी मॅमोग्राफीच्या (स्तनाच्या एक्स-रे तपासणीच्या) आठवड्यात मात्र कुणाशी धड बोलवत नाही. ही भीती पुढे कमी होते का, ते जुन्या रुग्णांनी कृपया लिहावे.